मेढा : जावळीचा उंबरठा

साताऱ्याहून महाबळेश्वरास जावयाच्या वाटा दोन आहेत. एक वाई-पांचगणीवरून, पसरणीचा घाट चढून जाते. दुसरी वेण्णा नदीच्या खोऱ्यानें हळूहळू वर सरकत केळघरच्या घाटानें माथा गांठते. पहिलीची कीर्ति मोठी. तिच्यावर वाईचे घाट आहेत, ढोल्या गणपति आहे, पांचगणीचीं पठारें व शाळा आहेत; त्यामुळें प्रवासवर्णन लिहिणाराची लेखणी तिकडे आपोआप वळते. दुसरी वाट जवळची खरी, परंतु तिचें वर्णन करावें असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. या दुसऱ्या वाटेवर, साताऱ्यापासून सात-आठ कोसांवर, मेढा हें गांव लागतें. जावळी तालुक्याचें हें मुख्य ठाणें. महाबळेश्वरास निघालेली मोटार येथें थांबलीच तर चहापुरती थांबते. मुलें 'आतां घाट किती राहिला?' म्हणून विचारतात, आणि चहा संपला कीं मंडळी पुढें निघतात. मेढ्याची पाहुण्यांशीं ओळख बहुधा एवढीच.

प्रस्तुत लेखांत या गांवाची थोडी निराळी ओळख करून द्यावयाचा विचार आहे. प्रेक्षणीय म्हणून छापील यादींत घालावें असें येथें थोडेंच आहे. परंतु गांव म्हणजे केवळ पाहण्याची वस्तु नव्हे. ज्या गांवावरून सारे जातात, आणि ज्या गांवांतून त्याचेच कर्ते मुलगे दूर जातात, तें गांव शेवटीं कोणाच्या बळावर उभें राहतें, हा प्रश्न मेढ्याकडे पाहतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आणि हा प्रश्न एकट्या मेढ्याचा नाहीं, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घराचा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जावळी म्हटलें कीं शाळेंत इतिहास वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसास चंद्रराव मोऱ्यांचें नांव आठवतें. आदिलशाहींत हा मुलूख मोरे घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता आणि 'चंद्रराव' हा त्यांचा किताब होता. १६५६ च्या आरंभीं शिवछत्रपतींनीं जावळी घेतली. त्यानंतर प्रतापगड उभा राहिला, आणि १६५९ च्या नोव्हेंबरांत त्याच गडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचें पारिपत्य झालें. कोंकणांत उतरणाऱ्या घाटांच्या तोंडाशीं असलेला हा जंगलमय मुलूख हातीं आल्यावांचून स्वराज्याची पाठ सुरक्षित होणें शक्य नव्हतें. परंतु इतिहासांतली ही जावळी म्हणजे आजच्या जावळी तालुक्याचें ठाणें नव्हे. मूळ जावळी हें लहानसें खेडें महाबळेश्वरच्या डोंगराखालीं, कोयनेच्या बाजूस असून तें आज महाबळेश्वर तालुक्यांत मोडतें. तालुक्यानें नांव घेतलें तिचें आणि कचेरी मांडली मेढ्यास. एखाद्या घराण्यानें आडनांव मूळ गांवचें लावावें व संसार दुसरीकडे थाटावा, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळें मोऱ्यांच्या वाड्याचे अवशेष शोधीत मेढ्यास येणाराची निराशा होते. आणि कचेरीचें काम घेऊन जावळी खेड्यास जाणाराची तर त्याहून अधिक होईल.

मेढ्याचें नांव मोठ्या वाटेवर आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. १८१८ त पेशवाई संपल्यावर इंग्रजांनीं साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांस राज्याधिकार दिला. पुढें महाबळेश्वरची थंड हवा इंग्रज अधिकाऱ्यांच्या ध्यानीं आली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तेथें वसाहत वसविण्याचें मनावर घेतलें, आणि १८२९ त महाराजांशीं करार करून वाई प्रांतांतील खंडाळ्याच्या मोबदल्यांत ती जागा मिळविली. तीच माल्कमपेठ. साताऱ्याहून मेढ्यावरून तेथें जाणारा रस्ता महाराजांच्या राज्यांतून, त्यांच्याच कारकीर्दींत तयार झाला. पुढें १८३९ त त्याच महाराजांस इंग्रजांनीं पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे बंधु निवर्तल्यावर १८४८ त राज्यहि खालसा केलें. रस्ता तेवढा राहिला. ज्यांनीं तो बांधविला त्यांचा उपयोग संपला, परंतु ज्या गांवावरून तो गेला त्याचा मात्र त्यानें कायमचा संसार मांडून दिला.

कालांतरानें पुण्याकडून येणारी मोठी रहदारी वाई-पांचगणीच्या वाटेस वळली आणि मेढ्याची वाट दुय्यम ठरली. ही गोष्ट गांवाच्या तोट्याची कीं हिताची, याविषयीं दोन मतें होऊं शकतील. वाट मोठी राहिली असती तर पैसा अधिक आला असता, हें उघड आहे. परंतु त्या पैशाबरोबर जमिनीचे भाव चढले असते, रस्त्याकांठचीं शेतें परक्यांच्या हातीं गेलीं असतीं, आणि पाहुण्यांच्या हंगामावर जगणारें आणखी एक गांव निर्माण झालें असतें. मेढा तसा झाला नाहीं. त्याचें गिऱ्हाईक महाबळेश्वरचा प्रवासी नव्हे. त्याच्याच डोंगरांतला शेतकरी हें त्याचें गिऱ्हाईक आहे.

त्या डोंगरांची रचना डोळ्यांपुढें आणली पाहिजे. वेण्णा नदी महाबळेश्वरीं उगम पावते. तेथल्या तळ्यास तिचेंच नांव आहे, आणि लिंगमळ्याजवळ ती कड्यावरून खालीं उडी घेते. मग ती दोन डोंगररांगांच्या मधून पूर्वेकडे वाहत मेढ्यावरून जाते व शेवटीं साताऱ्याजवळ संगम माहुली येथें कृष्णेस मिळते. उत्तरेकडच्या रांगेवर मेरुलिंगाचें देवस्थान आहे; त्याच अंगास, वाईच्या बाजूस, वैराटगड उभा आहे. दक्षिणेकडे उंच पठारें आहेत. त्यांतलेंच कासचें पठार त्याच्या रानफुलांमुळें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. २०१२ त पश्चिम घाटांतील ज्या स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कासचा समावेश आहे. त्या माथ्यांपलीकडे कोयनेचें खोरें. डोंगरमाथ्यावरील विरळ वस्तीस इकडे 'मुरा' म्हणतात. मुऱ्यावरचा मनुष्य सकाळीं निघून पायवाटेनें उतरतो, मेढ्यास आपलें काम उरकतो, आणि शेवटची एस. टी. चुकूं नये म्हणून दोन प्रहरांपासूनच आभाळाकडे व घड्याळाकडे आळीपाळीनें पाहूं लागतो.

पावसाची गोष्ट तर विलक्षण आहे. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. साताऱ्यास एक हजाराच्या आसपास. या दोहोंमधील अंतर पंधरा-सतरा कोसांचें. मेढा त्याच्या मध्यावर असल्यामुळें पश्चिमेकडे पाहिलें तर ढगांची भिंत दिसावी, आणि पूर्वेकडे पाहिलें तर ऊन पडलेलें असावें, असा प्रकार पावसाळ्यांत कितीदां तरी होतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाबळेश्वरीं एका दिवसांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापुराकडच्या एखाद्या गांवास वर्षभर पुरेल इतकें तें पाणी! त्या दिवसांत डोंगराच्या दरडी सुटल्या, केळघरच्या घाटांतली वाट बंद पडली, आणि ओढ्यांकांठच्या खाचरांत भाताऐवजीं दगडगोटे येऊन बसले.

इतकें पाणी ज्या मुलखावर पडतें तेथें उन्हाळ्यांत बायकांनीं हंडे घेऊन झऱ्याकडे फेऱ्या घालाव्या, हें बाहेरच्यास खरें वाटणार नाहीं. परंतु तें खरें आहे. डोंगर उभा असल्यानें पाणी थांबत नाहीं. तें धांवत खालीं जातें. खालीं कण्हेर येथें वेण्णेवर धरण बांधलेलें असून त्याचा फुगवटा मेढ्याच्या बाजूस पसरला आहे. त्याच्या कालव्यांनीं पूर्वेकडच्या शेतांस पाणी मिळालें. त्याच्या पोटांत मात्र या खोऱ्यांतली जमीन गेली. डोंगरापलीकडे कोयनेच्या धरणानें तर एक सबंध खोरेंच पाण्याखालीं घातलें. १९६० च्या सुमारास तेथल्या कित्येक गांवांतल्या कुटुंबांनीं आपले देव पाटींत ठेवून घरें सोडलीं. कोणी रायगड-ठाण्याकडे गेले, कोणी सोलापूर-सांगलीकडे. शिवसागर म्हणून जो जलाशय पाहून प्रवासी आनंदतो त्याच्या तळाशीं देवळें आहेत व खळीं आहेत. महाराष्ट्राच्या कारखान्यांस वीज मिळाली ती या पाण्यानें. ती मिळणें अवश्य होतें, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांनीं घर दिलें त्यांचा हिशेब लिहितांना लेखणी जरा सावकाश चालली पाहिजे. केळघरच्या वरच्या अंगास बोंडारवाडीजवळ धरण बांधून हें पाणी इकडच्याच गांवांसाठीं अडवावें, ही मागणी या खोऱ्यांत वर्षानुवर्षें होत आली आहे, ती याच अनुभवावरून.

आतां प्रत्यक्ष गांवांत येऊं. तालुक्याच्या गांवास ज्या संस्था लागतात त्या सर्व येथें आहेत: तहसीलदाराची कचेरी, पंचायत समिति, पोलिसठाणें, न्यायालय, सरकारी रुग्णालय, शाळा, एस. टी. चें आगार. कचेरीभोंवतीं अर्ज लिहिणारांचीं टेबलें, झेरॉक्सचीं दुकानें, चहाच्या टपऱ्या. सात-बाराचा उतारा, वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज, अशीं सारीं कामें येथें येऊन थांबतात. एखाद्या म्हातारीचें काम एका चकरेंत होतें, एखादीचें सहांतहि होत नाहीं. परंतु येण्याच्या दिवशीं दोघीहि धुतलेलें लुगडें नेसून येतात. कचेरीच्या कामास जाणें हें देवळांत जाण्याइतकेंच सोंवळ्यानें करावयाचें, अशी त्या पिढीची समजूत आहे.

आठवड्याच्या बाजारास मात्र गांवाचें रूप पालटतें. डोंगरांतून नाचणी, वरी, घेवडा येतो. उन्हाळ्यांत करवंदें व जांभळें. खोऱ्यांतला भात तर प्रसिद्धच आहे, आणि अलीकडे महाबळेश्वरप्रमाणें जावळींतहि स्ट्रॉबेरीचे मळे झाले आहेत. बुरुडांच्या पाट्या, सुपें व कणग्या, कोयते, विळे, पावसाळ्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचे कागद व दोऱ्या, अशी या बाजाराची मांडणी असते. इरलीं पूर्वीं घरोघर विणलीं जात. प्लॅस्टिकच्या कागदानें त्यांना पुष्कळ मागें टाकलें. विकणारांत आणि विकत घेणारांतहि बायकांचा भरणा अधिक असतो. ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, कारण मेढ्याचें खरें मर्म तिच्यांतच आहे.

पुरुष कोठें गेले, असें विचारलें तर उत्तर एका शब्दांत मिळतें: मुंबई. जावळीची जमीन डोळ्यांस फार सुंदर दिसते, परंतु ती सर्व घराचें पोट भरील इतकी नाहीं. उतारावरचें खाचर वाटण्या होतां होतां घोंगडीएवढें राहतें. म्हणून मुंबईंत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हांपासून सातारा जिल्ह्यांतील तरुण तिकडे जाऊं लागले. कोणी गिरणींत लागला, कोणी गोदींत, कोणी दाणेबंदरांत पोतीं वाहूं लागला. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा मोठा संप झाला; त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. संपानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हां पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत आणि हजारों घरांचा मनिऑर्डरीचा आधार तुटला. डोक्यावर व पाठीवर ओझें वाहणाऱ्या माथाडी कामगारांची वाट मात्र त्याआधींच थोडी सुधारली होती. पाटण तालुक्यांतून मुंबईस गेलेले अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांची संघटना उभारली आणि १९६९ त महाराष्ट्र सरकारनें माथाडी कायदा केला. त्यामुळें ज्याला रोजची मजुरी मिळेल कीं नाहीं याचा भरंवसा नसे त्या हमालास नोंदणी, भविष्यनिर्वाह निधि व औषधपाणी यांचा हक्क मिळाला. पुढें घाऊक बाजार मुंबईंतून वाशीस हलले, तसे जावळीचेहि लोक नव्या मुंबईंत गेले. आज कोपरखैरणें किंवा घणसोली येथें उभें राहून 'जावळीचें कोणी आहे काय?' असें विचारलें, तर पुष्कळदां विचारणारासच चहा प्यावा लागेल.

अशा एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. थोरला भाऊ वाशीच्या बाजारांत. धाकटा रिक्षा चालवितो. त्याची बायको व मुलें शाळेसाठीं तिकडेच. इकडे मेढ्याजवळच्या वाडींत सासूबाई, थोरली सून, एक म्हैस आणि चार खाचरें. सून सासूस 'आत्याबाई' म्हणते, पण घरच्या साऱ्या व्यवहाराचा भार सुनेवर असतो. भाताची लावणी कोणत्या दिवशीं, पैऱ्यास कोणाचें कोण येणार, सोसायटीचा हप्ता किती, देवीच्या जत्रेस पाहुणे किती, हें सर्व तिच्या डोक्यांत. रात्रीं भ्रमणध्वनीवर थोरल्याचा आवाज येतो, "आत्ती बरी आहे ना? भात कांडून आणला का?" आणि दिवाळीनंतर कोणा ओळखीच्याच्या गाडींतून दोन पोतीं तांदूळ कोपरखैरण्यास रवाना होतो. पैसे तिकडून येतात, तांदूळ इकडून जातो. एका कुटुंबाच्या दोन चुली झाल्या. परंतु दोहोंवर शिजतो तो एकाच खाचरांतला भात. एकत्र कुटुंब मोडलें असें आपण शहरांत सहज बोलून जातों. मेढ्याच्या खोऱ्यांत तें मोडलेलें दिसत नाहीं; तें लांब झालें आहे. त्याचें एक टोंक ठाण्याच्या खाडीवर व दुसरें वेण्णेच्या कांठीं, आणि मधली दोरी ओढून धरली आहे ती मागें राहिलेल्या बाईनें.

शिमगा, गांवची जत्रा आणि गणपति या तीन प्रसंगीं ही दोरी आखडते व सारे घरीं येतात. आषाढी एकादशीस पंढरपुरास जाणें जमलें नाहीं तर इकडचीं माणसें करहरच्या विठ्ठलास जातात. त्या गांवास प्रतिपंढरपूर म्हणतात आणि त्या दिवशीं तेथें मोठी यात्रा भरते. २०२० च्या वसंतांत साथीच्या भयानें मुंबईचे व्यवहार थांबले, तेव्हां मात्र सणाविना सारीं माणसें एकदम परतलीं. कित्येक वर्षें कुलुपांत असलेलीं दारें उघडलीं. पडवींत अंथरुणें घातलीं गेलीं. पुष्कळ तरुणांनीं त्या पावसाळ्यांत लहानपणानंतर प्रथमच चिखलांत पाय घातला. ज्या घरांत कोणी मागें राहिलें होतें तेथें परतणारास चूल पेटलेली सांपडली. ज्या घरांत कोणी नव्हतें तेथें प्रथम छप्पर शोधावें लागलें. मागें राहणें म्हणजे मागासणें नव्हे, हा धडा त्या एका वर्षानें जितका शिकविला तितका दहा व्याख्यानांनीं शिकविला नसता.

मागें राहिलेल्या या बायकांनीं सार्वजनिक कामांतहि एक गोष्ट अशी केली, कीं जावळीचें नांव सर्व महाराष्ट्रांत झालें. ती गोष्ट दारूबंदीची. सरकारच्या नियमाप्रमाणें गांवांतील चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं लेखी मागणी केली म्हणजे परवान्याच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान घ्यावें लागतें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात: उभी बाटली व आडवी बाटली. दुकान राहावें असें वाटणारीनें उभीवर शिक्का मारावा, बंद व्हावें असें वाटणारीनें आडवीवर. लिहितां-वाचतां न येणारीसहि चुकावयास नको अशी ही योजना आहे. परंतु नियमांत एक मोठी मेख आहे. मतदानास आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक मतें मिळून भागत नाहीं. यादींत जितक्या स्त्रियांचीं नांवें आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत. म्हणजे मुंबईस गेलेली लेक, माहेरीं बाळंतपणास गेलेली सून, अंथरुणावर पडलेली आजी, या सर्वांचीं मतें न देतांच दुकानाच्या बाजूस पडल्यासारखीं होतात. ज्या तालुक्यांतलीं अर्धीं माणसें परगांवीं, तेथें ही अट किती जड असेल याचा विचार करावा.

तरी जावळीच्या बायकांनीं ती पुरी केली. गांवोगांव सभा झाल्या, व्यसनमुक्तीचें काम करणाऱ्या तरुणांनीं दारोदार फेऱ्या घातल्या, परगांवच्या लेकीसुनांस निरोप गेले, म्हाताऱ्यांना हात धरून केंद्रावर आणलें. एकामागून एक गांवांत बाटली आडवी झाली; मेढ्यावरहि ती पाळी आली, आणि परवान्याच्या दारूच्या दुकानांवांचूनचा तालुका अशी जावळीची ख्याति झाली. दुकान बंद झालें म्हणजे व्यसन संपतें असें नाहीं. चोरून येणाऱ्या दारूशीं झगडा पुढेंहि चालूच ठेवावा लागतो, हें त्या बायकाच सर्वांआधीं सांगतील. परंतु ज्या स्त्रीस घरांतल्या पगाराचा हिशेबहि विचारण्याचा अधिकार नाहीं असें समजलें जाई, तिनें बाजारपेठेंतील दुकानाचा निकाल लावला, ही गोष्ट लहान नव्हे.

यानंतर मेढ्याच्या कारभारांत मोठा बदल झाला. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींस नगरपंचायतीचा दर्जा देण्याचें धोरण राज्य सरकारनें स्वीकारलें, आणि २०१६ त मेढ्याच्या नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. नगरपंचायतीस सतरा प्रभाग असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या असतात. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागीं मुख्याधिकारी आले. निधि वाढतो, रस्त्यावर दिवे येतात, बांधकामास नकाशा लागतो. त्याबरोबर ग्रामसभा मात्र जाते. चावडीसमोर बसून सर्व गांवानें सरपंचास तोंडावर प्रश्न विचारावयाचा, ही सोय नगराच्या कायद्यांत नाहीं. गांव शहर झालें म्हणजे त्याला कांहीं मिळतें आणि कांहीं त्याच्या हातून सुटतें. सुटलेल्या गोष्टीची पावती कोणी देत नसल्यामुळें ती लवकर लक्षांत येत नाहीं.

या बाबतींत चीन देशाचें उदाहरण मनोरंजक आहे. तेथें शहराच्या कारभाराचा सर्वांत खालचा जो विभाग, त्याचें चिनी नांव नुसतें 'रस्ता' अशा अर्थाचें आहे. १९५४ च्या कायद्यानें अशा विभागांच्या कचेऱ्या नेमल्या गेल्या. शहर वाढत वाढत शेजारच्या खेड्यास किंवा कसब्यास गिळतें, आणि एके दिवशीं तें खेडें कागदोपत्रीं शहराचा एक 'रस्ता' बनतें. शिवाय १९५८ पासून तेथें प्रत्येक कुटुंबाची नोंद त्याच्या मूळ ठिकाणाशीं बांधलेली असे. खेड्यांतून शहरांत कामास आलेल्या मजुराच्या मुलांस शहरच्या सरकारी शाळांचा हक्क पुष्कळदां मिळत नसे. अलीकडे हे नियम बरेच सैल झाले आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाहीं, कोणीहि कोठेंहि जाऊन राहावें. आमचा जावळीकर आपलें नांव मेढ्याशीं बांधून ठेवतो तें कायद्यानें नव्हे, मनानें. तो चाळीस वर्षें मुंबईस काढतो, पण 'गांव कोणतें?' म्हणून विचारलें तर वेण्णेच्या खोऱ्यांतलें नांव सांगतो. कायद्यानें बांधलेली गांठ कायद्यानें सुटते. मनानें बांधलेली गांठ कोणी सोडावी लागत नाहीं, ती वापरांत नसली कीं आपोआप सैल पडते. भीति आहे ती याची.

कारण खोऱ्यांतली पुढची पिढी आतां निराळ्या वळणावर उभी आहे. थोरल्या सुनेनें जें सांभाळलें तें सांभाळावयास तिची सून राजी होईल काय? ती शिकलेली आहे, आणि तिनेंच मागें राहावें व नवऱ्यानें मुंबईस जावें हा न्याय तिला पटत नाहीं. तो पटूं नये हेंच योग्य आहे. मागें राहणारीच्या त्यागावर गांव उभें राहिलें हें खरें असलें, तरी त्या त्यागाचीं गोडवी गाऊन तो पुढेंहि चालूं द्यावा असें कोणी म्हणूं नये. मेढ्यास नळाला उन्हाळ्यांत पाणी असलें, रुग्णालयांत रात्रीं डॉक्टर असला, शेतमाल टिकवावयास शीतगृह असलें, आणि मुलीस बारावीनंतरचें शिक्षण घरून जाऊन घेतां आलें, तर मागें राहणें हा त्याग राहणार नाहीं. तो एक सुखाचा निर्णय होईल. नगरपंचायत होण्याचा खरा अर्थ दिव्यांच्या खांबांवर मोजूं नये. गांवांतलें एखादें जोडपें 'आम्ही येथेंच राहतों' असें आनंदानें म्हणूं लागलें कीं तो अर्थ सिद्ध झाला असें समजावें.

हें लिहितांना आपल्याहि घरांकडे दृष्टि गेल्यावांचून राहत नाहीं. सातारा, वाई, माहुली या बाजूच्या कितीतरी घराण्यांनीं दोन-तीन पिढ्यांपूर्वीं पुण्या-मुंबईची वाट धरली. आतां त्यांचीं नातवंडें समुद्रापलीकडे गेलीं. कुलदैवताच्या नांवासरशीं गांवाचें नांव निघतें, लग्नपत्रिकेंत तें छापलें जातें. पण वाड्याची किल्ली कोणाकडे आहे हें दोघां भावांस विचारलें तर दोन उत्तरें मिळतात. जावळीच्या माथाड्यानें दर वर्षीं घरचा तांदूळ मुंबईस नेऊन जें नातें जिवंत ठेवलें, तें आपण पदव्या व बदल्या यांच्या गडबडींत पुष्कळ अंशीं गमावलें. त्याच्यापाशीं आपणांहून पैसा कमी होता. परंतु घरचें खाचर पिकवणारें माणूस त्याच्या मागें होतें, आणि त्या माणसाला तो विसरला नाहीं.

महाबळेश्वरास निघतांना वाचकांनीं एकदां केळघरची वाट धरावी, आणि मेढ्यास चहाहून थोडें अधिक थांबावें. बाजाराचा दिवस असला तर उत्तमच. खोऱ्यांतला तांदूळ विकत घ्यावा, विकणाऱ्या बाईस तिचें गांव विचारावें, तिचा मुलगा कोठें असतो तेंहि विचारावें. ती सांगेल, आणि बहुधा आपलेंहि गांव विचारील. त्या वेळीं उत्तर चटकन देतां यावें, एवढी तयारी मात्र घरूनच करून निघावें.